'पर्मनंट' म्हणजे कायमचं. पण किती कायमचं?

इंग्रजी शिकवायला लागून मला थोडेच दिवस झाले होते. वर्गात शिरले, हाताला लागला तो मार्कर उचलला आणि पांढऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत त्या दिवसाचा शब्द लिहिला: पर्मनंट. तास संपला, फडकं फिरवलं, तर शब्द जागचा हलेना. मार्करच्या अंगावर बारीक अक्षरांत काय छापलंय ते तेव्हा कुठे वाचलं. तोही पर्मनंटच होता. वर्गात हशा पिकला. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा पुढे आला. त्यानं फळ्याचा साधा, पुसता येणारा मार्कर घेतला, माझ्याच अक्षरांवरून तो जाड गिरवला आणि शाई ओली असतानाच फडकं मारलं. दोन्ही शाया एकदम निघाल्या. साध्या मार्करच्या शाईत जो द्राव असतो, तो खालची वाळलेली शाई पुन्हा सैल करतो, एवढंच त्यातलं गुपित.

त्याच तासाला मी मुलांना 'पर्मनंट म्हणजे कायमचा' असं सांगून मोकळी झाले होते. ते चूक नव्हतं, पण अपुरं होतं. नव्यानं इंग्रजी शिकणाऱ्याची या शब्दापाशी दोनदा फसगत होते. वाचताना तो शब्दाला आहे त्याहून जास्त वजन देतो, आणि बोलताना जिथे साधं 'ऑलवेज' पुरलं असतं तिथे 'पर्मनंट' घुसवतो. दोन्ही टाळता येतात. पायरीपायरीनं जाऊ.

पायरी १ : स्पेलिंग आणि उच्चार

नऊ अक्षरांचा शब्द आहे. तीन-तीन-तीन असे तुकडे पाडा. पहिले तीन पी-ई-आर, मधले तीन एम-ए-एन, शेवटचे तीन ई-एन-टी. मधला तुकडा म्हणजे 'मॅन', माणूस. शेवटचा तुकडा म्हणजे कान-नाक-घशाचा डॉक्टर, ज्याला आपण सगळे ईएनटी म्हणतो. नव्वद टक्के चुका या शेपटीत होतात, कारण कानाला 'नंट' ऐकू येतं आणि हात आपोआप ए-एन-टी लिहितो. डॉक्टर आठवला की हात थांबतो. (नव्वद टक्के हा माझ्या वह्या तपासण्याचा अंदाज, मोजलेलं काही नाही.)

उच्चारात जोर पहिल्या तुकड्यावर: 'पर्'. पुढचे दोन्ही तुकडे हलके, जवळजवळ गिळल्यासारखे. 'परमानेंट' असा मधला आणि शेवटचा स्वर ताणून म्हटलं तरी समोरच्याला कळतं, पण कानाला खटकतं.

पायरी २ : शब्द कुठून आला ते एकदा बघा

लॅटिनमध्ये 'मानेरे' म्हणजे राहणं, थांबणं. त्याला 'पर' हा उपसर्ग लागला, म्हणजे आरपार, शेवटपर्यंत. 'पर्मनंट' म्हणजे शेवटपर्यंत राहणारा. 'रिमेन' याच घरातला. 'मॅन्शन' म्हणजे मोठा वाडा, तोही याच घरातला, कारण मुळात ती राहण्याची जागा.

आपल्याकडचं 'कायम' अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलं, आणि त्याच्या मुळाशी उभं असणं आहे. संस्कृत 'स्थायी'च्या मुळाशीही 'स्था', उभं राहणं. म्हणजे इंग्रजांचा शब्द राहतो आणि आपले दोन्ही उभे आहेत. पण कुणीच 'अनंत काळ' असं म्हणत नाहीये. जागा न सोडणं, इतकंच तिन्हींचं म्हणणं. पुढच्या पायरीसाठी हे लक्षात असू द्या.

पायरी ३ : 'संपायची तारीख ठरलेली नाही' हा अर्थ धरा

सगळ्या लेखातली एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या. 'पर्मनंट' म्हणजे ज्याला शेवट नाही असं नव्हे. ज्याच्या शेवटाची तारीख आधी लिहून ठेवलेली नाही, ते पर्मनंट.

नोकरीचंच बघा. पर्मनंट नोकरीतला माणूस निवृत्त होतो, राजीनामा देतो, कधी त्याला काढूनही टाकतात. तरी ती नोकरी पर्मनंट, कारण अकरा महिन्यांनी किंवा प्रकल्प संपला की संपेल असं करारात लिहिलेलं नव्हतं. तसंच पर्मनंट पत्त्याचं. त्या घरात मरेपर्यंत राहीन अशी शपथ कुणी मागत नाही. तात्पुरता मुक्काम हलला तरी तुम्ही जिथे सापडाल, तो पत्ता.

नावात 'पर्मनंट' असूनही थोडकं टिकणाऱ्या गोष्टींची तर रांगच लावता येईल. केस कुरळे करून घेण्याला इंग्रजीत 'पर्म' म्हणतात. तो 'पर्मनंट वेव्ह'चा तुकडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल नेस्लर या जर्मन केशकारानं लंडनमध्ये ही पद्धत रूढ केली. पर्म टिकतो काही महिने, कारण मुळातून येणारा नवा केस सरळच येतो. तरी नाव योग्यच आहे: त्याआधी तापलेल्या चिमट्यानं केलेले कुरळे केस पहिल्या धुण्यात सुटायचे.

'पर्माफ्रॉस्ट' म्हणजे ध्रुवाकडच्या प्रदेशांतली गोठलेली जमीन. हा शब्द १९४३ मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ मुलर यांनी रूढ केला, 'पर्मनंट' आणि 'फ्रॉस्ट' जोडून. त्याची व्याख्या ऐकली की गंमत वाटते: जमीन सलग किमान दोन वर्षं शून्य अंश सेल्सिअसवर किंवा त्याखाली राहिली की ती पर्माफ्रॉस्ट. फक्त दोन वर्षं! काही ठिकाणची जमीन हजारो वर्षं गोठलेली आहे हे खरं, पण नाव मिळवायला दोन वर्षं पुरतात. कारण तुलना आहे ती हिवाळ्यात गोठून उन्हाळ्यात वितळणाऱ्या वरच्या थराशी.

दातांचं तेच. दुधाचे दात २० आणि पर्मनंट दात ३२. पहिला पर्मनंट दात साधारण सहाव्या वर्षी येतो आणि म्हातारपणी तोही साथ सोडू शकतो. पण त्याच्या जागी दुसरा येणार नसतो.

आता माझं आवडतं उदाहरण. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत १५ सदस्य असतात. त्यातले ५ पर्मनंट, उरलेले १० दोन-दोन वर्षांसाठी निवडून येणारे. पाचांपैकी एक होता सोव्हिएत संघ. १९९१ मध्ये तो देशच विसर्जित झाला आणि त्याची जागा रशियाकडे आली. देश संपला, पण जागा पर्मनंट राहिली. तिथे देशाच्या राजदूताला 'पर्मनंट रिप्रेझेंटेटिव्ह' म्हणतात, आणि हे राजदूत काही वर्षांनी बदलत राहतात. पर्मनंट आहे ते पद. त्यावर बसलेला माणूस नव्हे.

हेगमधल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या आधी त्याच कामासाठी एक न्यायालय होतं, त्याच्या इंग्रजी नावाची सुरुवातच 'पर्मनंट कोर्ट' अशी होती. १९२२ मध्ये सुरू झालं, १९४६ मध्ये विसर्जित झालं. चोवीस वर्षांत गाशा गुंडाळणाऱ्या न्यायालयाला पर्मनंट म्हणावं का? म्हणावं. कारण प्रत्येक तंट्यासाठी नवे पंच जमवायचे आणि निकाल लागला की पांगायचं, या रिवाजाला ते उत्तर होतं.

म्हणून हा शब्द वाचताना स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लावा: इथे 'टेंपररी' काय आहे? पर्मनंट हा शब्द कुठल्या ना कुठल्या तात्पुरत्या गोष्टीकडे पाठ करून उभा असतो. ती गोष्ट सापडली की अर्थ नेमका लागतो. पर्मनंट मॅग्नेट म्हणजे काय? वीज बंद केली की ज्याचं चुंबकत्व जातं त्या विद्युतचुंबकापेक्षा वेगळा. तोही पुरेसा तापवला तर चुंबकत्व सोडतोच.

याच कारणानं इंग्रजीत 'मोर पर्मनंट' चालतं. 'आय ॲम लुकिंग फॉर समथिंग मोर पर्मनंट' हे अगदी रोजचं वाक्य, नोकरीबद्दल किंवा घराबद्दल. 'सेमी-पर्मनंट'ही चालतं. अर्थ टोकाचा असता तर असं कमी-जास्त करता आलं नसतं.

पायरी ४ : 'कायम' आणि 'कायमचा' यांची गल्लत सोडवा

इथे मराठी माणूस हमखास अडकतो, कारण आपल्याकडे एका 'कायम'मध्ये दोन अर्थ राहतात. 'तो कायम उशिरा येतो' यात कायम म्हणजे नेहमी, दरवेळी. 'तो कायमचा निघून गेला' यात कायमचा म्हणजे परत न येण्यासाठी. इंग्रजीत या दोघांची घरं वेगळी. पहिल्याला 'ऑलवेज', दुसऱ्याला 'पर्मनंटली'.

एका विद्यार्थ्यानं नोकरीच्या अर्जात लिहिलं होतं: 'इट इज माय पर्मनंट हॅबिट टु कम अर्ली.' म्हणायचं होतं, मी कायम लवकर येतो. वाचणाऱ्याला वाटावं, या सवयीवर उपाय नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. साधं 'आय ऑलवेज कम अर्ली' लिहिलं असतं तर काम झालं असतं.

खूण सोपी आहे. मराठी वाक्यात 'कायम'च्या जागी 'नेहमी' घालून बघा. वाक्य तसंच राहिलं तर 'ऑलवेज'. मोडलं तर 'पर्मनंट' किंवा 'पर्मनंटली'चा विचार करा. 'तो नेहमी निघून गेला' असं आपण म्हणत नाही, म्हणून तिथे पर्मनंटली.

एक अपवाद सांगते, म्हणजे पुढे वाचताना गोंधळ नको. 'ही लुक्स पर्मनंटली टायर्ड' असं इंग्रज लोक म्हणतात. ते मुद्दाम फुगवून सांगणं आहे, आपण 'हा जन्माचा दमलेला' म्हणतो तसं. नवशिक्यानं आधी साधं बोलावं, फुगवणं नंतर.

आणि बोलण्यात 'पर्मनंटली'पेक्षाही जास्त चालतं ते 'फॉर गुड'. 'शी लेफ्ट फॉर गुड', ती कायमची गेली. यात भल्याबुऱ्याचा काही संबंध नाही. 'चांगल्यासाठी गेली' असा अर्थ लावलेली उत्तरं मी पाहिली आहेत. गप्पांत 'फॉर गुड', नोटिशीत आणि अर्जात 'पर्मनंटली', एवढा फरक पाळलात तरी पुष्कळ.

पायरी ५ : शब्द एकटा पाठ करू नका, जोडीनं करा

पर्मनंट जॉब, पर्मनंट स्टाफ, पर्मनंट ॲड्रेस, पर्मनंट रेसिडेंट, पर्मनंट डॅमेज, पर्मनंट डिसॅबिलिटी, पर्मनंट सोल्यूशन, पर्मनंट इंक. संग्रहालयात गेलात तर 'पर्मनंट कलेक्शन' म्हणजे संग्रहालयाच्या मालकीच्या वस्तू. काही महिन्यांसाठी मांडलेलं प्रदर्शन वेगळं. ब्रिटनमध्ये खात्याच्या मुख्य सनदी अधिकाऱ्याला 'पर्मनंट सेक्रेटरी' म्हणतात, कारण निवडणुकीनंतर मंत्री बदलतो, हा राहतो.

शब्द नामाच्या आधीही येतो आणि क्रियापदानंतरही: 'पर्मनंट डॅमेज', 'द डॅमेज इज पर्मनंट'. आधी 'अ' लावा, 'ॲन' नाही. आपण 'मला परमनंट केलं' म्हणतो, पण इंग्रजीत याचं क्रियापद रोजच्या वापरात नाही. 'दे मेड मी पर्मनंट' किंवा 'आय वॉज मेड पर्मनंट' म्हणा. नाम हवं असेल तर 'पर्मनन्स'. विरुद्धार्थी रोजचा शब्द 'टेंपररी'. 'इंपर्मनंट' असाही आहे, पण तो विचारांच्या प्रांतात राहतो. बौद्ध तत्त्वज्ञानातल्या अनित्यतेला इंग्रजीत 'इंपर्मनन्स' म्हणतात. दुकान तात्पुरतं बंद असेल तर 'इंपर्मनंटली क्लोज्ड' म्हणू नका. तिथे 'टेंपररिली क्लोज्ड'. नकाशाच्या ॲपवर 'पर्मनंटली क्लोज्ड' दिसलं तर मात्र तिकडे जायचे कष्ट घेऊ नका.

कॉम्प्युटरवर हा शब्द रोज भेटतो. फाइल नुसती डिलीट केली की ती कचरापेटीत जाते, तिथून परत आणता येते. 'पर्मनंटली डिलीट' करायचं का असं विचारलं, तर कचरापेटीची पायरी गाळली जाणार आहे. तिथे घाईनं 'येस' दाबू नका. वेबसाइट बनवणाऱ्यांना ३०१ हा आकडा पाठ असतो, त्याचा अर्थ 'मूव्ह्ड पर्मनंटली'. पान नव्या पत्त्यावर गेलंय, जुना पत्ता विसरा, असं तो ब्राउझरला आणि शोधयंत्रांना सांगतो. तात्पुरत्या हलण्यासाठी ३०२ आहे. चार दिवसांच्या कामासाठी कुणी चुकून ३०१ लावला, तर ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि काम संपल्यावरही लोकांना नव्याच पत्त्यावर नेत बसतो. एका शब्दाचा अर्थ ढिला धरला की काय होतं, ते यंत्र असं रोखठोक दाखवतं. 'पर्मालिंक', म्हणजे वेबपानाचा न बदलणारा पत्ता, यातला 'पर्मा'ही हाच.

पायरी ६ : शेजाऱ्यांना ओळखा

'टिकाऊ' म्हणायचं असेल तर पर्मनंट नको, 'ड्युरेबल' घ्या. चप्पल, बॅग, कापड, यंत्र: जे वापरून झिजतं पण लवकर झिजत नाही, ते ड्युरेबल. 'पर्मनंट शूज' म्हटलं की पायातून न निघणारे बूट डोळ्यांसमोर येतात. अर्थशास्त्रात 'ड्युरेबल गुड्स' असा वर्गच आहे. अमेरिकेच्या सरकारी हिशेबात सरासरी किमान तीन वर्षं टिकणाऱ्या वस्तू त्यात धरतात.

'लास्टिंग' परिणामांसाठी: लास्टिंग पीस, लास्टिंग इंप्रेशन. मनावर उमटलेल्या ठशाला पर्मनंट म्हटलं तर व्याकरण चुकत नाही, पण कागदावरच्या शिक्क्यासारखं वाटतं. सुगंध, बॅटरी, लिपस्टिक यांना 'लाँग-लास्टिंग'.

'पेरेनियल' मात्र जपून. दोन वर्षांहून जास्त जगणाऱ्या झाडाला पेरेनियल म्हणतात. प्रश्नांबद्दल म्हणाल तर पेरेनियल प्रॉब्लेम म्हणजे मिटला मिटला म्हणता पुन्हा उगवणारा. पर्मनंट प्रॉब्लेम हलतच नाही, पेरेनियल जाऊन येतो. हा फरक मला फार नेमका वाटतो, आणि मराठीत त्यासाठी एकच शब्द सापडत नाही. 'पाचवीला पुजलेला' जवळ जातो, पण त्यात जाऊन येणं नाही.

'पर्पेच्युअल' म्हणजे खंड न पडता चालू राहणारं, आणि 'इटर्नल', 'एव्हरलास्टिंग' देवाधर्माच्या आणि कवितेच्या प्रांतातले. 'इटर्नल जॉब' कुणी देत नाही.

पायरी ७ : मराठीतून उलट जाताना पाय जपून टाका

कोश उघडून शब्दाला शब्द ठेवला की तीन ठिकाणी हमखास घसरतो. 'स्थायी समिती' पर्मनंट कमिटी होत नाही, ती 'स्टँडिंग कमिटी'. इथे इंग्रजीही आपल्यासारखीच उभी राहिली. 'शाश्वत विकास' म्हणजे 'सस्टेनेबल डेव्हलपमेंट'. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे ही कल्पना जगभर गेली, आणि तिचा अर्थ आहे पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर घाला न घालता आजच्या भागवणं. त्याला इटर्नल किंवा पर्मनंट डेव्हलपमेंट म्हटलं तर भलतंच काही होतं. आणि 'पक्का'. पक्की नोकरी पर्मनंट, पण कापडाचा पक्का रंग 'फास्ट कलर'. इथे फास्ट म्हणजे वेगवान नव्हे, घट्ट धरून बसलेला. पक्की मैत्री 'क्लोज' किंवा 'फर्म'. पर्मनंट मैत्री म्हणालात तर करारनाम्यावर सही झाल्यासारखं वाटेल.

पायरी ८ : हात चालवा

खालची वाक्यं इंग्रजीत करून बघा, उत्तरं झाकून ठेवा. तिचा फोन कायम बिझी असतो. ही शाखा कायमची बंद झाली. मला टिकाऊ दप्तर हवं. सहा महिन्यांनी त्याला कायम केलं. दर पावसाळ्यात तोच प्रश्न येतो. या शर्टाचा रंग पक्का आहे का?

पहिल्यात 'ऑलवेज', दुसऱ्यात 'पर्मनंटली', तिसऱ्यात 'ड्युरेबल', चौथ्यात 'मेड पर्मनंट', पाचव्यात 'पेरेनियल', शेवटच्यात 'फास्ट'. सहा वाक्यांत पर्मनंट दोनदाच आला. तीनपेक्षा जास्त वेळा वापरला असेल तर पायरी ४ पुन्हा वाचा.